विश्लेषण : लहान वयाचा कुत्रा अचानक आजारी का पडतो? निदान होईपर्यंत काय करावे?

काल संध्याकाळपर्यंत घरभर धावणारे पाच-सहा महिन्यांचे पिल्लू आज जागचे उठत नाही, खाण्याकडे पाहत नाही. काय झाले ते घरच्यांना कळत नाही आणि पहिल्या तपासणीत अनेकदा पशुवैद्यकालाही नेमके कारण सांगता येत नाही. अशा वेळी आजाराचे नाव कळण्याआधीच उपचार सुरू करावे लागतात. त्या काळात घरच्यांनी काय करायचे आणि काय टाळायचे, यावर बरेच काही अवलंबून असते.

आजार खरोखरच ‘अचानक’ येतो का?

बहुतेक वेळा नाही. कुत्रे अशक्तपणा बराच काळ दाखवत नाहीत. शिवाय संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही दिवस जातात. पार्व्होमध्ये हा काळ साधारण तीन ते सात दिवसांचा असतो, गोचीडतापात एक ते तीन आठवड्यांचा. रक्त गोठू न देणारे उंदराचे विष पोटात गेले, तर रक्तस्राव तीन ते पाच दिवसांनी दिसू लागतो. त्यामुळे ‘काल काय खाल्ले’ एवढेच आठवून चालत नाही. मागच्या तीन आठवड्यांत कुत्रा कुठे गेला, कोणाच्या संपर्कात आला, हे आठवावे लागते.

सर्वाधिक संशय कशाचा?

सहा आठवडे ते सहा महिन्यांच्या पिल्लात उलट्या आणि दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित जुलाब असतील, तर पहिला संशय पार्व्होचा. १९७८च्या सुमारास ओळखला गेलेला हा विषाणू आतड्यांचे अस्तर आणि पांढऱ्या पेशी नष्ट करतो. उपचार न मिळाल्यास बहुतेक पिल्ले दगावतात. मात्र वेळेत सलाइन आणि दाखल करून उपचार मिळाले तर बहुसंख्य वाचतात. डोळ्या-नाकातून चिकट स्राव, खोकला आणि पुढे स्नायूंना झटके, ही डिस्टेंपरची लक्षणे.

आपल्याकडे गोचीडताप सर्रास आढळतो. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडीमार्फत पसरणारे जंतू ताप आणतात. पहिल्यात प्लेटलेट घटतात व नाकातून रक्त येऊ शकते, तर दुसऱ्यात तांबड्या पेशी फुटून हिरड्या पांढुरक्या पडतात आणि लघवी गडद होते. पावसाळ्यात उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून लेप्टो होतो आणि यकृत व मूत्रपिंडावर घाला घालतो. याशिवाय विषबाधा, गिळलेला चेंडू किंवा मोजा आणि लहान चणीच्या पिल्लांत रक्तातील साखर घसरणे, हीही कारणे असतात.

लस दिली होती, तरीही?

पिल्लाला आईच्या दुधातून मिळालेली प्रतिपिंडे काही आठवडे लसीलाच निष्प्रभ करतात. ती कधी संपतात, हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळे असते. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी, किमान १६ आठवडे वयापर्यंत लस द्यावी लागते. एक-दोन मात्रा झालेले पिल्लू पूर्ण सुरक्षित नसते. गोचीडतापावर तर नेहमीच्या लसींचा उपयोगच नाही.

कोणत्या लक्षणांत थांबू नये?

हिरड्या पांढऱ्या, पिवळ्या किंवा निळसर दिसणे, धाप लागणे, पोट फुगून टणक होणे, पाणीही पोटात न ठरणे, उलटी वा जुलाबातून रक्त, पाच मिनिटांहून लांबलेली फीट किंवा २४ तासांत एकाहून अधिक फिट्स, ही तातडीची लक्षणे आहेत. हिरडी बोटाने दाबून सोडल्यावर गुलाबी रंग दोन सेकंदांत परतायला हवा. कुत्र्याचे सामान्य तापमान साधारण १०० ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, त्यामुळे माणसाच्या हिशेबाने ‘अंग गरम आहे’ ही खूण फसवी ठरते. पिल्लू एक दिवस उपाशी राहिले आणि सुस्त असेल, तर तेवढेच कारणही दवाखान्यात नेण्यास पुरेसे आहे.

घरी काय करू नये?

माणसांचे पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नये. पहिले यकृताला आणि रक्ताला, तर दुसरे जठर आणि मूत्रपिंडाला इजा करते. मिठाचे पाणी पाजून उलटी काढणे धोक्याचे असते. ग्लानीत असलेल्या पिल्लाच्या तोंडात दूध-पाणी ओतल्यास ते फुप्फुसात जाऊ शकते. लाळ गळते आहे आणि गिळता येत नाही, म्हणून ‘घशात हाड अडकले’ असे समजून तोंडात हात घालू नये. ते रेबीजचेही लक्षण असू शकते. चावा किंवा जखमेवर लाळ लागली, तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे.

पशुवैद्यकाला काय सांगावे?

लक्षणे कधी आणि कोणत्या क्रमाने सुरू झाली, किती उलट्या-जुलाब झाले, लघवीचा रंग, लसीकरणाची वही, गोचीड दिसल्या का, घरात वा सोसायटीत उंदराचे औषध टाकले होते का, कोणती औषधे दिली, हे लिहून न्यावे. विषाचे पाकीट सापडले तर सोबत घ्यावे, कारण रक्त गोठू न देणाऱ्या विषावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, तर झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. फीट किंवा चालण्यातला बदल मोबाइलवर चित्रित करावा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत तो थांबलेला असू शकतो.

तपासण्या करूनही कारण का सापडत नाही?

रक्ताच्या काचपट्टीत गोचीडतापाचे जंतू प्रत्येक वेळी दिसतातच असे नाही. पार्व्होची झटपट चाचणीही कधी खोटी निगेटिव्ह येते. अ‍ॅडिसनसारखा संप्रेरकांचा आजार पोटाच्या विकारासारखा भासतो, तर यकृताला वगळून रक्त नेणारी जन्मजात वाहिनी कित्येक महिने लपून राहते. सहा महिने ते सहा वर्षे वयात सुरू होणाऱ्या अपस्मारात तर इतर कारणे नाहीत, यावरूनच निदान करावे लागते. तोवर सलाइन, उलटी थांबवणारी औषधे, ऊब आणि संशयानुसार प्रतिजैविके, असे आधार देणारे उपचार चालतात. ते शरीराला लढायला वेळ मिळवून देतात.

खर्च आणि मनस्तापाला कसे तोंड द्यावे?

डॉक्टरांना थेट विचारावे : सर्वाधिक शक्यता कशाची? कोणत्या चाचणीने उपचार बदलतील? पुढच्या २४ तासांत कोणती सुधारणा अपेक्षित आहे? आपली खर्चाची मर्यादा आधीच सांगितली, तर चाचण्यांचा क्रम लावता येतो. मुंबईत परळ, तसेच शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. दुसऱ्या मतासाठी तेथे विचारणा करता येते. पार्व्होचा संशय असल्यास घरातील फरशी ब्लीचच्या द्रावणाने (एक भाग ब्लीच, ३० भाग पाणी) पुसावी, कारण अल्कोहोलच्या सॅनिटायझरने हा विषाणू मरत नाही. लेप्टोच्या संशयात लघवी हातमोजे घालूनच साफ करावी.

सर्व करूनही काही पिल्ले वाचत नाहीत, आणि काहींच्या आजाराचे नाव शेवटपर्यंत कळत नाही. त्यानंतर घरच्यांना ‘आपले काय चुकले’ हा प्रश्न छळतो. परंतु पार्व्होने आजारी पिल्लू संसर्गाच्या दिवशी पूर्णपणे ठणठणीत दिसत असते. तेव्हा ते कोणालाही ओळखता आले नसते. घरातील मुलांपासूनही हे लपवू नये. डॉक्टर प्रयत्न करत आहेत, पण पिल्लू बरे होईलच असे नाही, इतके साध्या शब्दांत सांगितले तर ती समजून घेतात.