चमचाभर म्हणजे किती?

बाळाचं वजन 10 किलो, अंगात ताप. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे एका वेळी 150 मिलिग्रॅम द्यायचं. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना आम्ही विचारतो, ‘मग किती मिलिलिटर?’ उत्तर बाटलीवर अवलंबून! 5 मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम असेल तर 150 ÷ 125 × 5, म्हणजे 6 मिलिलिटर; 250 मिलिग्रॅम असेल तर फक्त 3. लेबल न वाचता दुसऱ्या बाटलीतलं 6 मिलिलिटर दिलं, तर औषध दुप्पट जातं. असं वारंवार झालं तर यकृताला इजा होऊ शकते. म्हणून आकडेमोडीआधी आम्ही अंदाज करायला सांगतो: मिलिलिटरमागे औषध जास्त, तर माप कमी. हे शाळेतलं व्यस्त प्रमाणच. ते शिकवताना ही दोन लेबलं फळ्यावर लिहून पाहा.