वीज परतली, प्रोग्रॅम परतला का?

मुंबई : १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी वीजजाळ्यातील बिघाडाने मुंबई अंधारली, गिरगाव-दादरचा बेस्टचा पट्टाही सुटला नाही. अशा खंडानंतर संगणक सुरू होतो. दुकानाच्या हिशेबाची रोज रात्री प्रत काढणारा, हाताने सुरू केलेला प्रोग्रॅम मात्र बंदच राहतो. आणि हे उमगते डिस्क बिघडल्यावर!

उपाय म्हणजे तो ‘सर्व्हिस’ म्हणून नोंदवणे. मग कोणी लॉग-इन न करताही तो पडद्यामागे चालू होतो. विंडोजमध्ये अशा सर्व्हिसचा प्रारंभ ‘ऑटोमॅटिक’ ठेवतात. लिनक्सवर ‘सिस्टमडी’साठी छोटी युनिट फाइल लिहून ‘एनेबल’ ही आज्ञा द्यावी लागते. नुसत्या ‘स्टार्ट’ने काम त्या वेळेपुरतेच भागते, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. फाइलमध्ये ‘रिस्टार्ट’ची ओळ योग्य रीतीने लिहिल्यास मध्येच कोसळलेला प्रोग्रॅमही पुन्हा उभा राहतो. त्याला ‘रूट’चे सर्वाधिकार मात्र देऊ नयेत; स्वतंत्र, मर्यादित खाते पुरते.