एकच आडनांव, निराळीं गोत्रें

भीमाशंकरच्या डोंगरापासून मंचर-नारायणगांवच्या बागाइतापर्यंत पसरलेल्या जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत शेतीच्या जोडीला दूधदुभतें मोठें. समजा, तेथील एका घरीं गाईची कास सुजली आणि त्याच आठवड्यांत घरच्या मुलाचा घसा सुजून त्याला ताप भरला. दोन्ही दुखण्यांचें कारण ‘स्ट्रेप्टोकॉकस’ असें निघालें, तर गाईचा रोग मुलास जडला असें आईच्या मनांत येणारच. पण कुलकर्णी आडनांवाचीं सारीं घरें जशीं एका गोत्राचीं नसतात, तसेंच या जंतूंचें आहे.

सूक्ष्मदर्शकांतून पाहतां हे जंतु माळेंत ओंवलेल्या मण्यांसारखे, एकसारखेच दिसतात. त्यांची पारख कशी करावी, हें न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील विदुषी रिबेका लान्सफील्ड यांनीं १९३३ सालीं दाखविलें. जंतूच्या कवचांतील शर्करामय द्रव्यावरून त्यांनीं ‘ए’, ‘बी’, ‘सी’ असे गट पाडले. मुलांचा घसा सुजविणारा बहुधा ‘ए’ गटाचा. कासेंत ठाण मांडणारा पुष्कळदां ‘बी’ किंवा ‘सी’ गटाचा. क्वचित् मात्र दूध काढणाराच्या घशांतील जंतु कासेंत शिरतो. १९११ सालीं बोस्टन शहरांत दुधावाटे घशाची मोठी सांथ पसरली होती. म्हणून दूध उकळण्याची आपली जुनी चाल सोडूं नये.

‘ए’ गटांतही पुन्हां पोटभेद आहेत. जंतूच्या अंगावरील ‘एम्’ नांवाच्या प्रथिनाचें जनुक वाचून आज त्याचे दोनशेंहून अधिक प्रकार ओळखतां येतात. शिवाय जंतूंना ग्रासणारे विषाणु एकाचें विषजनुक दुसऱ्यांत नेऊन सोडतात. त्यामुळें कालचा सौम्य जंतु आज उग्रही होऊं शकतो.

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा नव्हे. एका प्रकाराशीं झुंजून आलेली प्रतिकारशक्ति दुसऱ्या प्रकारापुढें बहुधा लंगडी पडते. म्हणून तेंच मूल पुन्हां आजारी पडतें. कधीं कधीं जंतूवर धरलेलें शरीराचें शस्त्र चुकून स्वतःच्याच हृदयावर चालतें. हाच संधिवाताचा ताप. यानें हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडतात. श्रीमंत देशांत थोड्याच प्रकारांचें प्राबल्य असतें, हिंदुस्थानांत मात्र नाना प्रकार एकाच वेळीं नांदतात. त्यामुळें तिकडील प्रकारांवरून बेतलेली लस येथें तितकीच उपयोगी पडेल, असें धरून चालतां येत नाहीं.

सुदैवानें या सर्व प्रकारांवर एक औषध अजून चालतें, तें पेनिसिलिन. त्याच्या निर्मितीसाठीं याच पुणें जिल्ह्यांत, पिंपरीस, १९५४ सालीं सरकारी कारखाना स्थापन झाला. प्रत्येक घसादुखी या जंतूची नसते. सर्दी-खोकल्याची बहुतेक आपोआप बरी होते. परंतु ताप, गिळतांना कळा आणि गळ्याच्या गांठी सुजणें, हीं लक्षणें दिसतांच डॉक्टरांस दाखवावें आणि त्यांनीं दिलेलें औषध, बरें वाटलें तरी, पुरतें घ्यावें. संधिवाताचा ताप एकदां येऊन गेला, तर दर तीन-चार आठवड्यांनीं टोंचून घेण्याचा क्रम वर्षानुवर्षें चालवावा लागतो. डिंभे धरणापलीकडील वाडीवरच्या आईस भर पावसांत त्यासाठीं दवाखाना गांठणें सोपें नाहीं. पण चुकलेली एक पाळीही हृदयास महाग पडूं शकते. जंतूंचीं गोत्रें शास्त्रज्ञांनीं मोजावींत. ही पाळी मात्र आपण घरच्यांनींच मोजली पाहिजे.