साठ ओहमचे कोडे

जुना उत्खनक, म्हणजे आपण ज्याला सर्रास ‘पोकलेन’ म्हणतो तो, विकत घेतला आणि पडद्यावर बिघाडाचा संकेतांक उमटला. अर्थ : नियंत्रकाशी संपर्क तुटला. मग नियंत्रकच बदलायचा का? थांबा! कोणत्या मंडलात गडबड आहे एवढेच संकेतांक सांगतो. कोणता भाग बिघडला ते नाही.

बहुतेक आधुनिक यंत्रांत नियंत्रक एकमेकांशी ‘बोलतात’ ते पीळ दिलेल्या दोन तारांवरून. तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो. समांतर जोडणीत परिणामी रोध किती? ६०! बॅटरी सोडवून मल्टिमीटर लावा. १२० आले, तर एका टोकाचा रोधक तुटला आहे; शून्याजवळ आले, तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. नेमके ६० आले तर? तारा हलवत पुन्हा मोजा. धक्क्यांनी सुटणारी गंजकी जोडणी उभ्या यंत्रात अगदी शहाण्यासारखी वागते!