एका तासाचा वादविवाद आणि उमेदवाराचें वजन

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरचें कोणी ना कोणी आज अमेरिकेंत आहे. कोणाचा मुलगा, कोणाची पुतणी, कोणाचा भाचा. त्यांतील कित्येकांनीं तेथील नागरिकत्व पतकरलें असून दर चार वर्षांनीं त्या राष्ट्राचा अध्यक्ष निवडण्याच्या कामीं तीं मत देतात. निवडणुकीचा हंगाम आला कीं, अमक्या उमेदवारानें कालच्या वादविवादांत बाजी मारली, त्याचा पाठिंबा इतक्या टक्क्यांनीं वाढला, अशा बातम्या तिकडून येऊं लागतात. एका रात्रींत लाखों लोकांचें मत खरोखरच फिरतें काय, आणि फिरलें तर तें टिकतें काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम तेथील व्यवस्था समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे पक्षाचा उमेदवार पक्षाचे पुढारी ठरवितात. अमेरिकेंत हें काम बहुतांशीं सामान्य मतदारांकडे आहे. मुख्य निवडणूक नोव्हेंबरांत होते. तत्पूर्वीं कित्येक महिने एकेका राज्यांत पक्षांतर्गत निवडणुका होतात. त्यांस 'प्रायमरी' म्हणतात. एकाच पक्षाचे पांच-दहा उमेदवार परस्परांशीं झुंजतात आणि एका व्यासपीठावर उभे राहून वादविवाद करतात. ते चालूं असतां निरनिराळ्या संस्था कांहीं शें मतदारांस प्रश्न विचारून जनमताची चाचणी घेतात. आमचा प्रश्न आहे तो या दोहोंच्या परस्परसंबंधाचा.

आमच्या न्यायशास्त्रानें चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. तत्त्वनिर्णयासाठीं होतो तो वाद; जिंकण्यासाठीं होतो तो जल्प; आणि स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचा खोडावयाचा, ती वितंडा. प्रायमरींतील वादविवादांत या तिहींची भेसळ असते. तथापि शुद्ध वादाच्या जवळ जाणारें एक उदाहरण इतिहासांत आहे, आणि तें पहिल्या काळांतीलच आहे.

1948 सालीं रिपब्लिकन पक्षांत मिनेसोटाचे माजी गव्हर्नर मि. हॅरल्ड स्टॅसेन यांची सरशी होऊं लागली होती. विस्कॉन्सिन व नेब्रास्का हीं राज्यें त्यांनीं जिंकलीं होतीं. न्यूयॉर्कचे गव्हर्नर मि. टॉमस ड्यूई यांची उमेदवारी डळमळूं लागली. पुढचा सामना ऑरेगॉन राज्यांत होता. मतदानास चार दिवस उरले असतां, 17 मे रोजीं, पोर्टलंड शहरांतील रेडिओ-केंद्रावरून दोघांचा वादविवाद झाला. विषय एकच: कम्युनिस्ट पक्षावर कायद्यानें बंदी घालावी कीं नाहीं? स्टॅसेन यांचें म्हणणें घालावी. ड्यूई यांचें म्हणणें घालूं नये. विचारांस तुरुंगांत घालतां येत नाहीं, आणि बंदी घातल्यानें तो पक्ष जमिनीखालीं जाऊन अधिकच बळावेल, असा ड्यूई यांच्या युक्तिवादाचा रोख होता. समोर टाळ्या वाजविणारा श्रोतृवर्ग नव्हता. कोट्यवधि लोकांनीं तो घरोघर ऐकला. ड्यूई हे मूळचे निष्णात सरकारी वकील. त्यांनीं एकेक मुद्दा सोडवून दाखविला. 21 मे रोजीं त्यांस सुमारें 52 टक्के मतें पडलीं आणि स्टॅसेन यांची घोडदौड तेथेंच थांबली.

परंतु येथें घाई करूं नये. ड्यूई वादविवादापूर्वीं कित्येक दिवस ऑरेगॉनचीं गांवें पालथीं घालीत होते. तेव्हां सगळें श्रेय त्या एका तासास देतां येत नाहीं. मतदारांचा कल बदलूं लागलेला असतो आणि वादविवाद त्यास निश्चित रूप देतो, असें म्हणणें अधिक सयुक्तिक होय.

हा कल प्रायमरींतच एवढा सहज कां बदलतो? नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकींत बहुतेक मतदार आपापल्या पक्षाशीं बांधलेले असतात. त्यांस शब्दांनीं हलविणें कठीण. प्रायमरींत सारेच उमेदवार एका पक्षाचे. पक्षनिष्ठा येथें निवड करण्यास उपयोगी पडत नाहीं. शिवाय कित्येक उमेदवारांचें नांवहि लोकांनीं पूर्वीं ऐकलेलें नसतें. एकाचें मन सोडून दुसऱ्याकडे जाण्यांत कांहीं गमावल्यासारखें वाटत नाहीं. ओल्या मातीवर बोटाचा ठसा उमटतो. भाजलेल्या विटेवर उमटत नाहीं.

तथापि प्रत्येक ठसा टिकतोच असें नाहीं. 27 जून 2019 रोजीं मायामी येथें डेमोक्रॅटिक पक्षाचा वादविवाद झाला. श्रीमती कमला हॅरिस यांनीं मि. जो बायडन यांस, वर्णभेद मोडण्यासाठीं शाळकरी मुलांस बसमधून दूरच्या शाळांत नेण्याच्या योजनेस त्यांनीं पूर्वीं केलेल्या विरोधाबद्दल, स्वतःच्या बाळपणाचा दाखला देऊन पेंचांत धरलें. पुढील आठवड्यांतील कांहीं चाचण्यांत त्यांचा पाठिंबा दुपटीवर गेला. पण पहिलें मतदान व्हावयास सात महिने होते. लोकांस त्यांची नव्यानें ओळख झाली, पण त्यांनाच कां निवडावें याचें उत्तर सांपडलें नाहीं. चढलेला आंकडा उन्हाळा सरतां सरतां उतरला आणि 3 डिसेंबर 2019 रोजीं त्यांनीं माघार घेतली. ज्यांस त्यांनीं पेंचांत धरलें त्याच बायडन यांनीं पुढें 2020 सालीं त्यांस उपाध्यक्षपदासाठीं निवडलें, हा निराळा योगायोग.

ठसा टिकतो तो दोन गोष्टी जुळल्या असतां: मतदारांच्या मनांत एक शंका पूर्वींच असावी, आणि मतदान तोंडावर आलेलें असावें. 2016 च्या फेब्रुवारींत न्यू हॅम्पशायर राज्यांत तें घडलें. मि. मार्को रुबिओ हे हुशार खरे, पण पाठ केलेलें बोलतात, अशी कुजबुज होती. 6 तारखेच्या वादविवादांत मि. ख्रिस क्रिस्टी यांनीं नेमका तोच आरोप केला. आणि उत्तरादाखल रुबिओ यांनीं तेंच वाक्य पुनःपुन्हां म्हटलें! आरोप सिद्ध करण्यास निराळ्या साक्षीदाराची गरज उरली नाहीं. तीन दिवसांनीं मतदान झालें. रुबिओ पांचवे आले. परंतु ज्यांनीं त्यांस पाडलें ते क्रिस्टी सहावे आले आणि दुसऱ्याच दिवशीं स्पर्धेंतून बाहेर पडले. वितंडेनें दुसऱ्याचें घर मोडतां येतें. त्या विटांनीं आपलें बांधतां येईलच असें नाहीं.

आणि जो सर्वांच्या पुढें आहे तो व्यासपीठावर आलाच नाहीं तर? 23 ऑगस्ट 2023 रोजीं मिलवॉकी येथील रिपब्लिकन वादविवादास मि. डोनाल्ड ट्रंप गेलेच नाहींत; पुढच्यांसहि गेले नाहींत. इतरांनीं आपसांत कितीहि वाग्युद्ध केलें तरी त्यांचें पहिलें स्थान अढळ राहिलें. त्यांच्या अनुयायांचें मन तेव्हां पक्कें झालेलें होतें.

आतां आंकड्यांविषयीं दोन शब्द. समजा, एका चाचणींत चारशें मतदारांस विचारलें. आठ टक्के पाठिंबा म्हणजे बत्तीस माणसें. दहा टक्के म्हणजे चाळीस. 'दोन टक्क्यांची उसळी' म्हणून जो गाजावाजा होतो तो या हिशोबानें आठ माणसांवर उभा असतो, आणि निराळीं चारशें माणसें विचारलीं असतीं तर तेवढा फरक सहज पडला असता. म्हणून एका चाचणीवर विसंबूं नये. चार-पांच चाचण्या आणि दोन-तीन आठवडे पाहावे. ऑरेगॉन जिंकणाऱ्या त्याच ड्यूई यांच्याविषयीं शिकवण घेण्याजोगी आहे. नोव्हेंबर 1948 मध्यें ते प्रेसिडेंट ट्रुमन यांस हरवितील असें प्रमुख चाचण्या सांगत होत्या. निवडून आले ते ट्रुमन.

तरीहि या कच्च्या आंकड्यांच्या हातीं आज मोठी सत्ता गेली आहे. 2019 मधील पहिल्या डेमोक्रॅटिक वादविवादांत स्थान मिळण्यास तीन चाचण्यांत एक टक्का पाठिंबा किंवा 65,000 देणगीदार अशी अट होती. पुढें ती कडक होत गेली. म्हणजे चाचणी व्यासपीठ देते, व्यासपीठ चाचणी बदलतें. आणि ज्याचा आंकडा उतरला त्यास देणगी देणारे हात आंखडतात. श्रीमती हॅरिस यांनीं माघार घेतली तेव्हां एकाहि नागरिकानें मत दिलेलें नव्हतें! लक्षावधि मतदारांचा निर्णय त्यांच्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच कांहीं शें जणांच्या उत्तरांनीं होऊन गेला. आमच्या मतें या विषयांतील खरी चिंतेची गोष्ट हीच आहे.

न्यायशास्त्रांत जिंकण्यासाठीं होणाऱ्या चर्चेस निर्णय देणारा मध्यस्थ लागतो. लोकशाहींत तें आसन मतदाराचें आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या तरुण मंडळींस, आणि तोच खेळ येथें टेलिव्हिजनवर पाहणाऱ्या आपणां सर्वांस, आमचें एवढेंच सांगणें आहे: कोण जिंकला हें विचारण्याआधीं कोणीं काय सिद्ध केलें तें विचारावें, चटकदार वाक्य आठवत असेल तर त्यामागील मुद्दाहि आठवतो कीं नाहीं हें पडताळावें, आणि दुसऱ्या दिवशींचा आंकडा वाचण्यापूर्वीं आपला निर्णय आपल्या मनाशीं करून ठेवावा. अध्यक्ष चार वर्षें राज्य करतो. त्याची परीक्षा एका तासांत आटोपली तरी गुण देण्याचें काम दुसऱ्यावर सोंपवूं नये.