कार्यालयातील संगणकांचे जाळे : मंदगतीचे मूळ कोठे?

पंचायत समितीचे कार्यालय असो वा माध्यमिक शाळा, आज दप्तराचा मोठा भाग संगणकावर असतो. दिवसाचे काम संपल्यावर त्याची राखीव प्रत मुख्य संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, उतरवून ठेवावी अशी अपेक्षा असते. परंतु या कामास तीन-तीन तास लागू लागले की ते उद्यावर टाकले जाते आणि पुढे होतच नाही. मग एखाद्या दिवशी हार्ड डिस्क निकामी होते व कित्येक महिन्यांच्या नोंदी नाहीशा होतात. म्हणून फाइल संथ जाते ही नुसती गैरसोय समजून सोडून देता येत नाही.

अशा वेळी पुष्कळदा इंटरनेट पुरविणाऱ्याकडे तक्रार केली जाते. वास्तविक एकाच इमारतीतील दोन संगणकांमधील देवाणघेवाणीचा इंटरनेटच्या जोडणीशी काही संबंध नसतो. फाइल एका संगणकाच्या डिस्कवरून निघते, केबलमधून स्विचकडे जाते, तेथून दुसऱ्या केबलने सर्व्हरच्या डिस्कवर पोहोचते. या वाटेवरील सर्वांत संथ टप्पा जेवढा वेग देईल तेवढाच एकूण वेग मिळतो. तो टप्पा शोधून काढणे एवढेच काम असते.

प्रथम हिशेब करावा. जोडणीचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये. आणि ८ बिट म्हणजे एक बाइट. त्यामुळे सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीतून प्रत्यक्षात सुमारे ११ मेगाबाइट जातात, १००० मेगाबिटच्या जोडणीतून सुमारे ११०. स्कॅन केलेल्या अभिलेखांची १२ गिगाबाइटची एक फाइल पहिल्या जोडणीवर सुमारे १८ मिनिटे घेईल, दुसरीवर दोन मिनिटांच्या आत जाईल, आणि जुन्या १० मेगाबिटच्या जोडणीवर तीन तासांहून अधिक. प्रत्यक्ष लागणारा वेळ यांपैकी कशाशी जुळतो हे पाहिले की निम्मे निदान होते.

प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका कार्यालयात नवा सर्व्हर व नवा स्विच घेऊनही वेग ११ मेगाबाइटच्या वर जाईना. दोष निघाला तो कपाटाच्या पायाखाली चेपलेल्या केबलमध्ये. १९९९ साली प्रमाणित झालेल्या १००० मेगाबिटच्या पद्धतीस केबलमधील तारांच्या चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात. एक जोडी तुटली की पुष्कळ उपकरणे मुकाट्याने १०० वर उतरतात. दिवा लागलेला असतो, फाइली जात असतात, म्हणून कोणाला संशय येत नाही. जोडणी कोणत्या वेगावर ठरली आहे हे संगणकाच्या नेटवर्क स्थितीच्या खिडकीत दिसते. ते आधी पाहिले असते तर सर्व्हरचा खर्च कदाचित वाचला असता.

याहून फसवा दोष दोन टोकांच्या मांडणीतील विसंगतीचा. पूर्ण द्विमार्गी पद्धतीत दोन्ही टोके एकाच वेळी पाठवू शकतात. अर्ध द्विमार्गी पद्धतीत एकेरी पुलाप्रमाणे एका वेळी एकाच बाजूने वाहतूक होते. कोणी एका टोकाला १०० मेगाबिट व पूर्ण द्विमार्गी अशी कायम मांडणी केली आणि दुसरे टोक आपोआप ठरविण्यावर ठेवले, तर दुसऱ्या टोकाला उत्तरच मिळत नाही व ते अर्ध द्विमार्गी होते. एक बाजू पूल एकेरी समजते, दुसरी दुहेरी. किरकोळ संदेश व्यवस्थित जातात. मोठी फाइल सुरू होताच टकरी होऊन वेग पार कोसळतो. उपाय सोपा आहे : दोन्ही टोके आपोआप ठरविण्यावर ठेवावीत.

जाळे निर्दोष असूनही हजारो लहान फाइली संथ जातात. प्रत्येक फाइल उघडणे, नोंदणे, बंद करणे आणि व्हायरस प्रतिबंधक प्रणालीने ती तपासणे, यांतच वेळ जातो. प्रत्येक कागदाला स्वतंत्र जावक क्रमांक देऊन तो वेगळ्या पाकिटात पाठविण्यासारखेच हे आहे. त्या सर्वांची एक झिप फाइल करून पाठविल्यास फरक लगेच जाणवतो.

तपासणीसाठी एक गिगाबाइटची एकच फाइल घ्यावी, ती दोन्ही दिशांनी पाठवून वेळ टिपावी. मग केबल बदलावी, नंतर स्विचचे छिद्र, नंतर संगणक. एका वेळी एकच गोष्ट. वायफायवर ही चाचणी घेऊ नये, कारण तेथे वेग सर्वांत वाटला जातो. आयपर्फ हा मोफत प्रोग्रॅम डिस्कला न शिवता केवळ जाळ्याचा वेग मोजतो. त्याने ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा दाखविला व तरीही फाइल संथच गेली, तर केबल सोडून डिस्ककडे वळावे. पेन ड्राइव्हवरून थेट प्रत करीत असल्यास तोच अडथळा असण्याचा संभव फार. मिळालेले आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत आणि दोषी केबल त्याच दिवशी कापून टाकावी. नाहीतर ती पुन्हा कपाटातून बाहेर येते व दुसऱ्या टेबलावर जोडली जाते.