विश्लेषण : मुलांची खोली आवरायची कोणी?

जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि कोल्हापुरात त्याच सुमारास पाऊसही. ओला रेनकोट खुर्चीवर, दप्तर पलंगावर, मोजे दाराआड. राजारामपुरी असो की शुक्रवार पेठ, मुलांना स्वतंत्र खोली असलेल्या घरांत हा वाद मग रोजचाच होतो. खोली आवरण्याची सक्ती आई-वडिलांनी करावी, की खोली त्याची म्हणून पसाराही त्याचा, असे म्हणून दार ओढून घ्यावे?

पूर्वी हा प्रश्न का नव्हता?

कारण बहुतेक घरांत मुलांची खोलीच नव्हती. एक खुंटी, एक कोनाडा, फार तर एक ट्रंक. अंथरूण गुंडाळल्याशिवाय बाकीच्यांना बसायला जागा होत नसे, म्हणून ते गुंडाळले जाई. ‘आमच्या वेळी शिस्त होती’ असे आजोबा सांगतात, तेव्हा त्यातले निम्मे श्रेय जागेच्या टंचाईला द्यायला हरकत नाही.

तालमीत मुले कशी आवरतात?

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा कोल्हापूरच्या तालमींत गावोगावची मुले कुस्ती शिकायला येऊन राहतात. घरी पाण्याचा तांब्याही जागेवर न ठेवणारा मुलगा इथे पहाटे हौद्यातली तांबडी माती खणतो, ती सारखी करतो, स्वतःचे कपडे-भांडी धुतो. वस्तादांचा धाक असतोच. पण मातीत राहिलेला खडा उद्या आपल्याच किंवा जोडीदाराच्या पाठीला लागणार, हेही त्याला ठाऊक असते. काम खरे असते. घरातली आवराआवर मात्र बऱ्याचदा ‘पाहुणे येणार आहेत’ म्हणून निघते. मुलांना हा फरक चटकन कळतो.

संशोधन काय सांगते?

दोन्ही बाजूंना पुरेल इतके. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅथलीन व्होस आणि सहकाऱ्यांचे प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. नीटनेटक्या खोलीत बसलेल्यांनी देणगी जास्त दिली, चॉकलेटऐवजी सफरचंद निवडले. पसाऱ्यात बसलेल्यांना पिंगपाँगच्या चेंडूचे अधिक कल्पक उपयोग सुचले. मात्र हे प्रयोग मोठ्यांवरचे आणि थोड्या वेळाचे होते. त्यावरून चौथीतल्या मुलाचा पसारा म्हणजे प्रतिभा, असा निष्कर्ष निघत नाही.

जास्त कामाचा आहे तो फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांचा २००८ मधला प्रयोग. सुमारे २० महिन्यांची मुले पडलेली वस्तू आपणहून उचलून देत. मदतीबद्दल ज्यांना खेळणे मिळाले, त्यांची मदत नंतर कमी झाली. ‘खोली आवर, मग मोबाइल देतो’ हा सौदा करण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

आईनेच आवरले तर बिघडते कुठे?

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजींकडे वसतिगृहाची जबाबदारी होती. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, अस्ताव्यस्त सामान नीट लावून ठेवत, रागावत नसत. मुलेच ओशाळली आणि कामाला लागली. हे उदाहरण देऊन अनेक आया रोज मुलाची चादर घडी करतात, पण मुलगा काही ओशाळत नाही. कारण गुरुजींनी केर काढणे अनपेक्षित होते. आईने काढणे घरात गृहीतच धरलेले असते.

खरी गोम इथे आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरील घरकाम करणाऱ्या महिलांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७ मिनिटे. घरकाम मुळीच न करणारे पुरुष या सरासरीत धरलेले नाहीत. ताईची खोली आवरलेली नसेल तर ‘सासरी काय करशील’ आणि दादाची असेल तर ‘मुलगाच तो’, अशा घरात या आकड्यांची तयारी लहानपणीच होत असते. म्हणून आग्रह धरावाच, आणि दोघांकडे सारखाच धरावा.

आग्रह कशाचा, किती?

उष्टी ताटली खोलीत राहिली की मुंग्या येतात. पावसाळ्यात ओला टॉवेल पलंगावर राहिला की कुबट वास आणि बुरशी. त्याचा त्रास घरातल्या सगळ्यांना होतो, म्हणून इथे सवलत नको. पुस्तके उंचीप्रमाणे लागली नाहीत, अर्धा बांधलेला किल्ला आठवडाभर कोपऱ्यात राहिला, तर मात्र कोणाचे काही अडत नाही. मुलांच्या मापाचे सामान असावे, हे मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या बालगृहात करून दाखवले होते. आपल्याकडे अजूनही खुंटी बाबांच्या उंचीला आणि बोलणी मात्र मुलाला. रेनकोटसाठी दाराशीच, त्याचा हात पोचेल अशी खुंटी ठोकली तर निम्मी कटकट मिटते. सुरुवातीला शेजारी बसून दोघांनी मिळून आवरावे लागते. ‘खोली आवर’ या दोन शब्दांतून सहा वर्षांच्या मुलाला नेमके कुठून सुरू करायचे ते कळत नाही. आणि एक खण पूर्णपणे त्याचा असू द्यावा. त्यात गोट्या असोत, तुटकी पेन्सिल असो की मैत्रिणीची चिठ्ठी. तो आई-बाबांनी उघडायचा नाही, आवरण्यासाठीसुद्धा.